कोबोलचं स्थळ

"कोबोल येतं का तुला?"

नेमगोंडामामांनी हे अशा आवाजात विचारलं, की आधीच्या स्थळाच्या बाईंनी पुरणपोळी येते का म्हणून विचारलं होतं त्याची मला आठवण झाली. मी पोह्यांची बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि आण्णांकडे बघितलं. आण्णा म्हणजे माझे वडील. जयसिंगपुरातल्या हायस्कूलचे हेडमास्तर, गणिताचे मास्तर, आणि ज्याचं उत्तर त्यांना येत नाही असा प्रश्न त्यांच्यासमोर विचारायची सहसा कुणाची छाती होत नसे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आईनं स्वयंपाकघराच्या दारातून आमच्या दोघांकडे बघितलं.

"सी येतंय," मी म्हणाले. "शिकतोय सध्या."

"शिकतेय म्हण गं," सोफ्यावर बसलेल्या बाई हसून म्हणाल्या. या मुलाच्या आई. आमच्या भागातल्या मुली 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण बाईंचा मुलगा अमेरिकेत होता, त्यामुळे त्यांना आता वाटायला लागलं होतं.

"सी वेगळं, कोबोल वेगळं," नेमगोंडामामा म्हणाले. मामा तंबाखूचे व्यापारी. आमच्या समाजातली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली. कोबोल आणि सी वेगळं असतं हे त्यांना बहुधा गाडीत बसल्यावर कळलं होतं. "हेडमास्तर, मुलाची एवढी एकच अट हाय बघा. देणंघेणं काही नको, मानपान नको. मुलगी फक्त कोबोल शिकलेली पाहिजे. म्हणजे लग्न झालं की जोडीनं नोकरी. तिकडं माणसं मिळंनात."

हे अठ्ठ्याण्णव सालचं. तेव्हाच्या पेपरात रोज एक बातमी असायची, की जुन्या मोठ्या कॉम्प्युटरांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहून ठेवलेत, दोन हजार साल उजाडलं की त्यांना एकोणीसशे साल आल्यासारखं वाटणार, बँका बसणार, विमानं पडणार. ते सगळे जुने प्रोग्राम कोबोल नावाच्या भाषेत लिहिलेले. ते दुरुस्त करायला अमेरिका भारतातून माणसं नेत होती, आणि शेडबाळ्यांचा कुलभूषण त्या कामावर न्यू जर्सीला गेलेला होता. टेबलावर त्याचा फोटो ठेवला होता. बर्फात लाल गाडीला टेकून उभा. आईनं फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि नंतर मला आत म्हणाली, "गाडी त्याची नसणार. टेकून उभं राहायची पद्धत बघ, दुसऱ्याच्या वस्तूला टेकल्यागत टेकलाय."

आषाढ निम्मा सरून चातुर्मास लागला होता. चातुर्मासात आमच्या जैनांत लग्नकार्याचं काही पुढे सरकत नाही, आणि त्या चार महिन्यांत कांदाही घरात येत नाही. त्यामुळे मामा ज्याला कांदेपोहे म्हणत होते त्यात नुसते शेंगदाणे होते. "हे चार महिने मोकळेच हायत," मामा पोहे खात म्हणाले. "तेवढ्यात कोबोल उरकून जाईल. कार्तिकात पोरगा येतोय. आला की सुपारी फोडू."

"क्लास कोल्हापुरातलाच बघा," मुलाच्या आई म्हणाल्या. त्यांनी क्लासचं नावही सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. "बाकीच्या ठिकाणी काय शिकवत्यात कुणाला ठाऊक."

आण्णा म्हणाले, "बघतो."

आण्णांचं 'बघतो' म्हणजे होकार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण त्या दिवशी ती कुणी विचारली नाही. मी गणित घेऊन बीएस्सी झाले होते आणि उन्हाळ्यापासून घाटगे सरांच्या क्लासला जात होते. खताच्या दुकानावर एक खोली, जिन्यापासूनच युरियाचा वास, आत चार कॉम्प्युटर. त्यातला एक कायम उघडा, पोट फाडलेला. सर स्वतः इंजिनिअर, पुण्यात नोकरी करून वडलांच्या आजारपणासाठी परत आलेले. ते फक्त सी शिकवायचे. कुणी दुसरं काही शिकवा म्हटलं की म्हणायचे, "मला पोहायला येतंय तेवढंच शिकवतो. घोड्यावर बसायचं असलं तर दुसरीकडं जावा."

मला ती भाषा आवडली. आवडली म्हणजे काय, वेड लागलं. कॉलेजात गणित सोडवलं की ते वहीत मरून पडायचं. इथे मी चार ओळी लिहिल्या की समोरचं यंत्र त्याप्रमाणे वागायचं, आणि चुकीचं वागलं तर चूक माझीच असायची. सासूची, नशिबाची, पत्रिकेची नव्हे. मला हे फार न्यायाचं वाटलं. एकदा मी आण्णांच्या शाळेतल्या दहावीच्या मुलांचे मार्क घातले आणि नंबर लावणारा प्रोग्राम लिहिला. आण्णांना मुद्दाम बोलावलं. कळ दाबली आणि पडद्यावरची नावं पटापट वरखाली होऊन पहिला नंबर वर, शेवटचा खाली अशी उभी राहिली. हे काम आण्णा दर परीक्षेला दोन शिक्षक घेऊन करायचे. ते चष्मा सावरून बघत राहिले. मग त्यांनी दोन मुलांचे मार्क सारखे असतील तर काय होतं म्हणून विचारलं. मी त्याचीही सोय केली होती. "हं," ते म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

घाटगे सरांचे मित्र साने यांची पुण्यात छोटी कंपनी होती. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहायचे ते, सीमध्येच. उसाची बैलगाडी काट्यावर उभी राहिली की वजन थेट कॉम्प्युटरात. त्यांना एक शिकाऊ माणूस हवा होता. सरांनी माझं नाव कळवलं होतं. भाद्रपदात, आमचं दहा दिवसांचं उपासतापासाचं पर्व संपलं की मुलाखत. राहायला सान्यांच्या ओळखीचं मुलींचं वसतिगृह. हे सगळं ठरत आलं होतं आणि मी ते घरी कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, तोवर फोटोतली ती लाल गाडी आमच्या दारात येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले.

"सर, आधी कोबोल केलं आणि मग सी पुरं केलं तर नाही का चालणार?"

सर उघड्या कॉम्प्युटरातली धूळ ब्रशनं झाडत होते. "चालंल की. न चालायला काय झालं?"

"मग पहिली भाषा कुठली घ्यायची, ह्याला काही अर्थच नाही?"

"अर्थ हाय. पण तो प्रश्न तुला कुठं कोण विचारतंय, त्रिशला? तुला विचारत्यात, शेडबाळे का साने. भाषेचं नाव मधल्यामधी घेत्यात."

मला याचा राग आला. खरं बोललं की येतोच. पण सर तेवढ्यावर थांबले नाहीत. दोन दिवसांनी संध्याकाळी ते आमच्या घरी आले. सरांना आमच्या घरी येताना मी पहिल्यांदाच बघत होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. आण्णांनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः झोपाळ्यावर बसले.

"हेडमास्तर, पहिली भाषा म्हणजे पाया असतो," सर म्हणाले. "सीमध्ये पोरीला मशीनच्या आत काय चाललंय ते कळायला लागलंय. एवढं एकदा कळलं की कोबोल महिन्याभरात शिकंल ती. पण कोबोलनं सुरुवात केली की हे आतलं कळायचं राहून जातं."

"स्कोप कशाला हाय?" आण्णांनी विचारलं. त्या काळात प्रत्येक बाप हा एकच प्रश्न विचारायचा. सायन्सला स्कोप आहे का, डीएडला स्कोप आहे का.

"आज म्हणाल तर कोबोलला हाय. दोन हजार साल येईपर्यंत. नंतर?"

"नंतर ती अमेरिकेत असेल."

"तिथं काय करेल?"

"संसार करेल," आण्णा म्हणाले. "तुमच्या सीमध्ये तो होतो का?"

सर हसले नाहीत. "पोरगी हुशार हाय, हेडमास्तर. तुमच्या लक्षात आलंय का नाही मला ठाऊक नाही. माझ्याकडं आजवर आलेल्या पोरांत इतकं स्वच्छ डोकं मी बघितलं नाही. पुण्यात माझे मित्र साने हायत, त्यांना शिकाऊ माणूस पाहिजे. त्यांच्याकडं एकदा जाऊन तर येऊ दे. मुलाखतच हाय."

"चहा घ्या," आण्णा म्हणाले.

सर चहा पिऊन गेले. आण्णा बस्तीत जाऊन आले, म्हणजे आमच्या मंदिरात. दर्शन घेऊन आले की त्यांचा आवाज नेहमी मऊ असायचा. मला त्यांनी जवळ बसवलं.

"त्रिशा, सरांचं मनावर घेऊ नको. ते भले माणूस हायत, पण त्यांना विद्यार्थी मोठे करून सांगायची सवय असती. मलाही असती. पुण्याच्या मुलाखतीला कोण येणार? तिथली इंजिनिअर झालेली पोरं. फाडफाड इंग्लिश बोलणार. तू तिथं जाऊन बसणार, नाव विचारलं तरी घाम फुटणार तुला. तुला झेपायचं नाही ते. तोंडावर पडशील, आणि मग इथं आल्यावर चार लोक विचारणार. मी बाप हाय म्हणून सांगतोय. दुसरा कोण सांगणार?"

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? हजारो पोरांचे पेपर तपासलेला माणूस. कुणाची किती कुवत हे त्यांना डोळे मिटून कळत असे. गावात त्यांची ख्यातीच तशी होती. ते कठोर बोलले असते तर मी भांडले असते. मऊ बोलले, म्हणून मला माझीच लाज वाटली. चार ओळींचे प्रोग्राम लिहून आपण स्वतःला काय समजायला लागलो होतो, असं वाटलं. घाटगे सरांना निरोप पाठवला, की मी येत नाही. समोर जाऊन सांगायचं धैर्य झालं नाही. सान्यांकडे पुढे सांगलीचा कुणी मुलगा लागला.

अजून लोक माझ्याकडे येतात. मी सांगलीत एका बँकेत कॉम्प्युटर विभागात आहे, त्यामुळे आमच्या नात्यात कुणाचं पोर बारावी झालं की विचारतात, पहिल्यांदा पायथन घालू का जावा? मी म्हणते, आधी घरी विचारून या, कुणाचं लग्न ठरतंय. लोकांना वाटतं विनोद केला.

तर कोल्हापूर. सकाळची पॅसेंजर, हातकणंगले, रुकडी करत तासाभरात पोचवायची. क्लास मोठा होता. काचेचं दार, एसी, रिसेप्शनला टाय लावलेला माणूस. मालक हुक्केरी सर, गोरेपान, कायम केबिनमध्ये. शिकवायला एक फिकट मुलगा होता, तो झेरॉक्समधलं वाचून दाखवायचा आणि शंका विचारली की "पुढं येणार आहे ते" म्हणायचा. ते पुढे कधी आलं नाही.

भाषेचा मात्र दोष नव्हता. मला ती चटकन आली. कोबोलचा प्रोग्राम असतो अगदी लग्नाच्या बायोडाटासारखा. आधी आयडेंटिफिकेशन डिव्हिजन, म्हणजे नाव काय, लिहिलं कुणी. मग एन्व्हायर्नमेंट डिव्हिजन, म्हणजे वास्तव्य कुठे. मग डेटा डिव्हिजन, म्हणजे घरात काय काय आहे ते सगळं तपशीलवार. एवढं झाल्यावर प्रोसिजर डिव्हिजन, तिथे एकदाचं काम सुरू होतं. तोवर लिहिणारी दमलेली असते. आणि एक टिंब द्यायचं विसरलं की यंत्र पानभर तक्रारी करतं. मी एकही टिंब विसरत नसे. पण कळ दाबून काही घडलं की पूर्वीसारखं कुणाला बोलावून दाखवावंसं वाटत नव्हतं. सीचं पुस्तक मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं होतं. एकदा काढून वाचायला बसले, तर मधलं काहीतरी विसरल्यासारखं झालं. परत ठेवून दिलं.

बॅचमध्ये मुलीच जास्त होत्या. मला सुरुवातीला याचं फार कौतुक वाटलं. म्हटलं, कोल्हापूर सुधारलं.

त्यातल्या दोघींशी माझी गट्टी जमली. एक निपाणीची पद्मजा चौगुले, मावशीकडे राहून क्लास करणारी. इतकी देखणी, की झेरॉक्सवाला मुलगा तिच्याकडे बघून ओळ चुकायचा. कॉम्प्युटरला ती घाबरायची. माऊसला हात लावण्याआधी ओढणीला हात पुसायची. दुसरी सांगलीची स्नेहल आवटी, मोठ्या तोंडाची, मोठ्या घरची, वडील कारखान्याचे संचालक. आम्ही तिघी जैन हे डब्यांवरूनच कळलं. चातुर्मासात ज्यांच्या डब्यात बटाटा नाही, कांदा नाही, पालेभाजी नाही, त्या आपोआप एका जिन्यावर येऊन बसतात.

पर्व होऊन गेलं होतं. त्या दिवशी दुपारी आम्ही जिन्यावर डबे उघडले. पद्मजा काही खाईना. नुसती हसत होती.

"काय गं?" स्नेहल म्हणाली. "उपास हाय का?"

"एक सांगू? कुणाला बोलू नका," पद्मजा म्हणाली. "आमच्या आईनं शपथ घातलीय. माझं जमल्यागत हाय."

"कुठं?"

"लांब हाय. अमेरिका." आणि तिनं मान खाली घातली. "त्यांचीच अट होती, कोबोल शिकायची. नाहीतर मी कशाला आलो असतो ह्या डबड्यापुढं बसायला? मला काही कळत नाही बघ त्यातलं. रोज रात्री रडतो मी. पण कार्तिकात ते येणार हायत."

मी घास डब्यात परत ठेवला. पद्मजानं पर्सच्या आतल्या कप्प्यातून फोटो काढला आणि आमच्यापुढे धरला. बर्फ. लाल गाडी. टेकून उभा.

"गाडी त्याची नाही," मी म्हणाले. का म्हणाले, काय ठाऊक. तेवढं एकच वाक्य मला सुचलं.

"तुला काय माहीत?" पद्मजा म्हणाली.

मी उत्तर द्यायच्या आत स्नेहलनं डबा बाजूला ठेवला, फोटो पद्मजाच्या हातातून घेतला, उलटा करून पाहिला, परत सुलटा केला. मग तिनं आपली पिशवी उघडली आणि तसाच फोटो त्याच्या शेजारी पायरीवर ठेवला. "तुझा कुठाय?" तिनं मला विचारलं.

"घरी. देवाच्या कपाटात."

खालून रिक्षा जात होत्या. मग स्नेहल हसायला लागली. इतकी हसली, की तिला ठसका लागला. "तरीच," ती म्हणाली. "तरीच मी म्हणत होतो, सगळ्या बॅचला अमेरिकेत थंडी किती असती हेच का विचारायचं असतंय."

"म्हणजे काय? तुझाही?" पद्मजाला अजून कळत नव्हतं. किंवा कळून घ्यायचं नव्हतं. "नेमगोंडाकाका आमच्याकडं स्वतः आले होते. एकच अट म्हणाले."

"आमच्याकडंही एकच अट म्हणाले," मी म्हणाले.

"आणि हुक्केरी सर कोण, ते तरी ठाऊक हाय का तुम्हाला?" स्नेहलनं विचारलं. "कुलभूषणचे दाजी. सख्ख्या बहिणीचा नवरा. मला वाटलं, घरचा क्लास म्हणून मला इथं घातलंय. मी तर मिरवत होतो मनातल्या मनात." ती पुन्हा हसली, पण यावेळी आवाज निघाला नाही. "त्यांची बॅच भरत नव्हती म्हणे. बघा, भरली की."

पद्मजानं आपला फोटो उचलला, ओढणीनं पुसला आणि पुन्हा पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. मग ती डबा पुढे ओढून जेवायला लागली, आणि जेवता जेवता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पुढचं आता सांगूनच टाकते, कारण त्यात फारसं काही नाही. आमच्या तिघींपैकी कुणाशीच त्याचं लग्न झालं नाही. दिवाळीत त्याचा फोन आला, की त्यानं तिकडेच ऑफिसातल्या एका गुजराती मुलीशी लग्न केलंय. कोबोलची अट मुळात मुलाची होती, त्याच्या आईची होती, की दाजींच्या रिकाम्या खुर्च्यांची होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पद्मजाला चिकोडीच्या तंबाखूवाल्यांकडे दिली. स्नेहलनं उशिरा, स्वतःच्या मनानं केलं. दोन हजार साल उजाडलं तेव्हा काहीही कोसळलं नाही, बँका उघडल्या, विमानं उडाली, आणि कोबोलचे क्लास कोल्हापुरातून एका उन्हाळ्यात नाहीसे झाले.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी क्लास अर्धा टाकून गाडीला बसले. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच होतं, आण्णांना फसवलंय. माझ्या भोळ्या, सरळ मार्गाच्या, हेडमास्तर बापाला त्या नेमगोंडानं आणि मुलाच्या आईनं फसवलंय. मला माझं काही वाटत नव्हतं. त्यांचं वाईट वाटत होतं. हे त्यांना कसं सांगायचं, ऐकून त्यांना काय होईल, याची मला धास्ती पडली होती. रुकडीला गाडी थांबली तेव्हा मला रडू आलं ते त्यांच्यासाठी.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती आणि आण्णा पाटावर बसले होते. चातुर्मासात दिवस मावळायच्या आत आमच्याकडे जेवणं उरकतात. आई भाकरी वाढत होती. मी हातपाय न धुताच दारात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. फोटो, निपाणी, सांगली, दाजी. एका दमात सांगितलं.

आई तवा तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. आण्णांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, खाल्ला, आणि म्हणाले, "हात धुऊन ये. बस."

"आण्णा, तीन पोरी. एकाच वेळी."

"मला ठाऊक हाय."

मला वाटलं, मी सांगितलं ते कळलं असं त्यांना म्हणायचंय. "तुम्हाला आत्ता मी सांगितलं तेव्हा..."

"पहिल्यापास्नं ठाऊक हाय," आण्णा म्हणाले. "नेमगोंडानं त्याच दिवशी फाटकात सांगितलं. मोठं स्थळ म्हटल्यावर चार घरी बघत्यातच. आपण नाही का चार बघत?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गेली असतीस?"

आईनं तवा खाली उतरवला. तिला ठाऊक होतं की नव्हतं हे तिच्या पाठीवरून कळत नव्हतं.

"ती पद्मजा माझ्याहून कितीतरी देखणी हाय," मी म्हणाले. "स्नेहलचे वडील संचालक हायत. मला कशाला घातलंत त्यांच्यात?"

"दिसण्यावर असतं तर मी त्याच दिवशी नको म्हटलं असतं. पैशावर असतं तरी नको म्हटलं असतं. नेमगोंडा म्हणाला, परीक्षा होणार, हुक्केरी मार्क आपल्या सासूला, म्हणजे मुलाच्या आईला, कळवणार, जिला चांगलं येतंय तिचा विचार पहिला." आण्णांनी ताटातून मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता, निखळ अभिमान, तो मी ओळखला. दहावीचा निकाल लागला की शाळेच्या व्हरांड्यात दिसायचा तो. "परीक्षा म्हटल्यावर मी निश्चिंत झालो. तिघीच काय, तीस जणी असत्या तरी तू पहिली आली असतीस. मला काडीची शंका नव्हती."

आण्णांनी माझं कौतुक केलेलं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. आणि ते ऐकून मला आनंद झाला. एका क्षणापुरता, पण झाला. त्या आनंदाची मला अजून चीड येते.

मग मला ते दुसरं आठवलं. झोपाळा, मऊ आवाज, घाम फुटणार, तोंडावर पडशील.

"आण्णा," मी म्हणाले, "मग पुण्याच्या मुलाखतीला कसं म्हणालात, मला झेपायचं नाही म्हणून?"

"जेवू दे गं त्यांना," आई म्हणाली. "दिवस मावळायला लागला."

आण्णांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. ते खोटं बोलणारे नव्हते. एकदा बोलले होते तेवढंच, आणि तेही त्यांना बहुधा जड गेलं होतं. पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला.

"सान्यांनी तुला घेतलंच असतं," ते म्हणाले. "म्हणून तर पाठवलं नाही."